महासंगणकावरचं पहिलं काम : खातं मागण्यापासून निकाल घरी आणेपर्यंत

"किती कोअर मागू?" महासंगणकावर पहिलं काम टाकायला बसलेला विद्यार्थी हा प्रश्न विचारतो, पण उत्तर त्याने मनात आधीच ठरवलेलं असतं: मिळतील तेवढे. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे गणित करू शकणारा एकेक भाग. पुण्यात गेली काही वर्षं नव्या विद्यार्थ्यांना या यंत्रावर बसवण्याचं काम मी करतो आहे. आकडा अंदाजाने ठरवू नका, मोजून ठरवा, हे मला प्रत्येकाला सांगावं लागतं. मोजायचं कसं, आणि मोजण्याआधी व नंतर काय काय करायचं, ते इथे क्रमाने सांगतो.

उदाहरणासाठी डोळ्यांसमोर पुण्याच्या आयसरमधला 'परम ब्रह्म' ठेवला आहे. राष्ट्रीय महासंगणन अभियानातले बाकीचे परम संगणकही साधारण याच पद्धतीने चालतात. त्यामुळे वाराणसीच्या 'परम शिवाय'वर किंवा बंगळूरच्या 'परम प्रवेग'वर खातं असलं तरी यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

हे यंत्र आलं कुठून

ऐंशीच्या दशकात भारताला हवा तेवढ्या ताकदीचा क्रे महासंगणक द्यायला अमेरिकेने नकार दिला. मग 1988 मध्ये पुण्यात सी-डॅकची, म्हणजे प्रगत संगणन विकास केंद्राची, स्थापना झाली. तिची धुरा विजय भटकरांकडे होती. ते मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. 1991 मध्ये 'परम 8000' तयार झाला. एकच अतिवेगवान प्रोसेसर बनवण्याऐवजी अनेक साधे प्रोसेसर एकत्र जोडून त्यांच्याकडून काम करून घ्यायचं, ही त्यामागची कल्पना. सी-डॅकचं काम गणेशखिंडीतल्या पुणे विद्यापीठाच्या आवारातून चालायचं, म्हणून विद्यापीठ आणि महासंगणक हे नातं पुणेकरांना नवं नाही. 2015 मध्ये साडेचार हजार कोटी रुपयांच्या राष्ट्रीय महासंगणन अभियानाला मंजुरी मिळाली, आणि शैक्षणिक संस्थांमध्ये एकामागून एक परम यंत्रं बसू लागली. 2024 मध्ये खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या कामासाठी 'परम रुद्र' आला. त्याच वर्षी पाषाणच्या हवामान संस्थेत 11.77 पेटाफ्लॉप क्षमतेचा 'अर्क' सुरू झाला. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला हजार लाख कोटी आकडेमोडी.

हा इतिहास सांगायचं कारण आहे. पुढचं सगळं मार्गदर्शन 'अनेक साधे प्रोसेसर मिळून एक काम' या मूळ कल्पनेवरच उभं आहे. तुमचं काम तुकड्यांत वाटता येत नसेल तर हे यंत्र तुमच्या फारसं उपयोगाचं नाही.

पायरी पहिली: महासंगणक खरंच हवा आहे का?

'परम ब्रह्म'च्या साध्या नोडमध्ये, म्हणजे त्यात जोडलेल्या एकेका संगणकात, 48 कोअर आणि 192 जीबी मेमरी असते. त्यातला एकेक कोअर तुमच्या नव्या लॅपटॉपच्या कोअरपेक्षा वेगवान असेलच असं नाही, कित्येकदा तो हळूच असतो. एकाच कोअरवर चालणारा पायथनचा प्रोग्रॅम जसाच्या तसा इथे आणलात, तर तो लॅपटॉपइतकाच किंवा त्याहून जास्त वेळ घेईल, आणि उरलेले 47 कोअर रिकामे बसतील.

महासंगणक हवा असण्याची कारणं माझ्या मते तीन. गणित एका संगणकाच्या मेमरीत मावत नाही, हे पहिलं. एक लाख ओळी आणि एक लाख स्तंभांची सारणी दुहेरी अचूकतेने, म्हणजे प्रत्येक आकड्याला 8 बाइट देऊन, साठवायची तर नुसत्या आकड्यांनाच 80 जीबी लागतात. दुसरं, गणित मावतं पण महिनोन्‌महिने चालतं, आणि ते वाटून करण्याची सोय सॉफ्टवेअरमध्येच आहे. रेणूंच्या हालचालींचं ग्रोमॅक्स, पदार्थांतल्या इलेक्ट्रॉनांचं क्वांटम एस्प्रेसो, हवामानाचं डब्ल्यूआरएफ ही सगळी अशी सॉफ्टवेअर आहेत. तिसरं, एकच छोटं गणित आकडे बदलून पाचशे वेळा करायचं आहे. हे तिसरं कारण विद्यार्थी विसरतात, पण महासंगणकावर सगळ्यात सहज बसणारं काम तेच.

तीनपैकी एकही कारण नसेल तर विभागातला चांगला वर्कस्टेशन मागून घ्या. रांगेत थांबावं लागणार नाही.

पायरी दुसरी: अर्ज

खातं विद्यार्थ्याच्या नावाने मिळतं, पण अर्ज मार्गदर्शकांच्या सहीने जातो. त्या खात्यावरून जे होईल त्याची जबाबदारीही त्यांचीच असते. बाहेरच्या महाविद्यालयातल्या किंवा विद्यापीठातल्या संशोधकांनाही अभियानाच्या यंत्रांवर वेळ मागता येतो. शुल्क किती आणि कसं, हे केंद्रागणिक वेगळं असतं, म्हणून दरपत्रक आधी मागून घ्या आणि मार्गदर्शकांच्या प्रकल्पात त्यासाठी तरतूद आहे का ते पाहा.

अर्जात दोन रकाने नीट भरावे लागतात. एक सॉफ्टवेअरचा. नाव, आवृत्ती आणि परवाना या तिन्ही गोष्टी लिहा. परवाना विकत घ्यावा लागणारं सॉफ्टवेअर केंद्र तुमच्यासाठी घेईल असं धरून चालू नका. दुसरा रकाना कोअर-तासांचा. एक कोअर एक तास वापरला की एक कोअर-तास. दोन नोड म्हणजे 96 कोअर दहा तास वापरले तर 960 कोअर-तास झाले.

हा आकडा हवेतून काढायचा नाही. समजा, पाण्यात ठेवलेल्या एका प्रथिनाच्या हालचालीचं सिम्युलेशन करायचं आहे आणि 48 कोअरवर एक नॅनोसेकंद पुढे जायला 29 मिनिटं लागतात. तुम्हाला 500 नॅनोसेकंद हवे आहेत. म्हणजे 14,500 मिनिटं, सुमारे 242 तास, आणि 48 ने गुणल्यावर 11,600 कोअर-तास. निकालाची खात्री करायला तीच गोष्ट तीनदा करायची, म्हणजे 34,800. चाचण्या आणि फसलेल्या कामांसाठी पंचवीस टक्के वर धरले की 43,500. अर्जाच्या मजकुरात हा हिशेब एवढाच, तीन ओळींत लिहा. अर्ज तपासणाऱ्या समितीला तुमच्या विषयाचं सखोल ज्ञान असेलच असं नाही, पण हिशेब केलेला अर्ज आणि अंदाजाने भरलेला अर्ज यांतला फरक कुणालाही कळतो.

29 मिनिटांचा आकडा कुठून आणायचा? मोजून. त्यासाठी चाचणीपुरते थोडे तास मागा, किंवा आधीच खातं असलेल्या सहकाऱ्याला तेवढं गणित चालवून द्यायला सांगा. तुमचा पासवर्ड मात्र त्याला देऊ नका आणि त्याचा तुम्ही घेऊ नका. खातं वाटून वापरलेलं आढळलं तर ते बंद होतं.

पायरी तिसरी: आत शिरणं

खातं मिळालं की एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या आदेशाने, आत जायचं. लिनक्स किंवा मॅकवर टर्मिनल असतंच, विंडोजवर मोबाएक्सटर्म किंवा पुटी चालतं. बाहेरगावाहून येत असाल तर संस्थेचं व्हीपीएन लागेल का, ते आधी विचारा. पहिल्या दिवशीच्या निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात.

आत गेल्यावर तुम्ही ज्या यंत्रावर उभे असता तो लॉगिन नोड. तो वाड्याच्या ओसरीसारखा आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांची ऊठबस तिथेच होते. फाइल उघडणं, बदलणं, प्रोग्रॅम कंपाइल करणं, रांगेत काम टाकणं, एवढंच ओसरीवर करायचं. दळण-कांडण आत, कॉम्प्युट नोडवर. लॉगिन नोडवरच कुणी गणित चालवलं की बाकी शंभर जणांची अक्षरं पडद्यावर उमटायला वेळ लागू लागतो आणि व्यवस्थापकांना ते काम मारावं लागतं. 'पाच मिनिटांचंच आहे' असं म्हणून सुरू केलेली कामंसुद्धा यातच धरा. हात घालून तपासायचं असेल तर कामांची रांग सांभाळणाऱ्या स्लर्मकडे थोड्या वेळासाठी इंटरॅक्टिव्ह सत्र मागता येतं.

वीज किंवा नेटवर्क मध्येच जाणाऱ्या गावातून काम करत असाल तर आत गेल्या गेल्या टीमक्स किंवा स्क्रीन सुरू करायची सवय लावा. जोडणी तुटली तरी सत्र तसंच राहतं. रांगेत टाकलेल्या कामाला तर तुमच्या लॅपटॉपची गरजच नसते. ते टाकून तुम्ही लॅपटॉप मिटून जेवायला जाऊ शकता.

मराठी माणसाला विशेष सांगायची एक गोष्ट. फाइलींची आणि फोल्डरांची नावं रोमन अक्षरांत द्या आणि नावात मोकळी जागा सोडू नका. देवनागरी नाव दिसतं बरोबर, पण एखादी जुनी स्क्रिप्ट तिथेच अडखळते आणि चूक शोधण्यात दिवस जातो. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट असेल तर तिच्यावर 'डॉस-टू-युनिक्स' फिरवून घ्या. विंडोज ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जास्तीचं अक्षर ठेवतं, आणि त्यापायी बरोबर लिहिलेली स्क्रिप्टही चालत नाही.

पायरी चौथी: डेटा कुठे ठेवायचा

इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण माझं स्वतःचं नुकसान इथेच झालं.

बहुतेक केंद्रांत तुम्हाला दोन जागा मिळतात. होम ही छोटी, तुमचे प्रोग्रॅम, स्क्रिप्टा आणि कंपाइल केलेलं सॉफ्टवेअर ठेवण्यासाठी. स्क्रॅच ही मोठी आणि वेगवान, चालू कामाचा डेटा ठेवण्यासाठी. स्क्रॅच सहसा लस्टरसारख्या समांतर फाइल प्रणालीवर असते. अनेक डिस्क एकाच वेळी वाचायच्या-लिहायच्या असल्यामुळे तिला वेग येतो. पण स्क्रॅचमधला डेटा कायम राहत नाही. ठरावीक मुदतीनंतर न वापरलेल्या फाइली पुसल्या जातात, आणि तिचा बॅकअप सहसा घेतला जात नाही.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या अकरा दिवसांच्या गणिताचे निकाल स्क्रॅचमध्ये होते. परीक्षक म्हणून काम आलं, मग घरी आजारपण, आणि मुदतीची सूचना देणारं ईमेल वाचायचं राहून गेलं. परत आलो तेव्हा फोल्डर रिकामं होतं. यंत्राने नियमाप्रमाणेच केलं होतं. ते अकरा दिवस पुन्हा रांगेत उभं राहून मिळवावे लागले, आणि दरम्यान ज्या परिषदेत तो निकाल मांडायचा होता ती होऊन गेली. तेव्हापासून काम संपलं की त्याच दिवशी निकाल बाहेर काढायचा, हा माझा आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाचा नियम आहे.

खातं मिळाल्या दिवशी तीन गोष्टी लिहून ठेवा: होमची मर्यादा, स्क्रॅचची मर्यादा, स्क्रॅच पुसण्याची मुदत. तिन्ही केंद्राच्या माहितीपुस्तिकेत असतात.

लस्टरची आणखी एक खोड ओळखून ठेवा. ती मोठ्या फाइली झपाट्याने हाताळते, पण लाखो बारीकसारीक फाइलींखाली दबून जाते. फाइल केवढीही असो, ती कुठे आहे हे सांगणाऱ्या सर्व्हरला प्रत्येक वेळी विचारावंच लागतं. एका फोल्डरात दोन लाख छोट्या फाइली ठेवून कुणी त्यांची यादी मागितली तर सगळ्यांचाच वेग मंदावतो. छोट्या फाइली टार करून एकत्र बांधा, किंवा एचडीएफ-5 सारख्या साच्यात एकाच मोठ्या फाइलीत लिहा. मशीन लर्निंगसाठी फोटो घेऊन येणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

डेटा नेण्या-आणण्यासाठी आर-सिंक वापरा. मध्येच जोडणी तुटली तर ते पोचलेल्या फाइली सोडून उरलेल्याच पाठवतं, आणि योग्य पर्याय दिला तर अर्धवट फाइलही तुटली तिथून पुढे नेतं. एससीपी या साध्या कॉपीच्या आदेशाला पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो.

पायरी पाचवी: सॉफ्टवेअर

आधी 'मॉड्यूल अव्हेल' आदेश देऊन काय काय बसवलेलं आहे ते पाहा. हवं ते 'मॉड्यूल लोड'ने घ्या. काही केंद्रांत याच कामासाठी स्पॅक असतं. स्वतः कंपाइल करायची वेळ आली तर ज्या कंपायलरने आणि ज्या एमपीआयने (वेगवेगळ्या प्रक्रियांना एकमेकींशी बोलू देणारी प्रणाली) कंपाइल केलं, तेच दोन्ही चालवतानाही लोड केलेले हवेत. एका एमपीआयने बांधलेला आणि दुसऱ्याने चालवलेला प्रोग्रॅम कधी लगेच पडतो, कधी त्याहून वाईट होतं: तो चालतो, पण 48 कोअरवर एकाच गणिताच्या 48 स्वतंत्र प्रती चालतात. निकालाच्या फाइलीत प्रत्येक ओळ 48 वेळा दिसली तर समजा, हेच झालं आहे.

पायथनवाल्यांनी पॅकेजं सांभाळणाऱ्या कोंडाचं (conda) स्वतंत्र वातावरण बनवावं. ते होममध्ये बनवलं तर हजारो फाइलींनी जागा भरते, म्हणून कुठे बनवायचं ते केंद्राला विचारा.

पायरी सहावी: कामाची चिठ्ठी

स्लर्म हा कामांच्या रांगेचा व्यवस्थापक. त्याला काय हवं ते सांगणारी छोटी स्क्रिप्ट म्हणजे तुमची चिठ्ठी. चिठ्ठीच्या वरच्या ओळी हॅश आणि 'एसबॅच' या शब्दाने सुरू होतात. त्यांत कामाचं नाव, पार्टिशन (नोडांचा कोणता गट), नोडांची संख्या, प्रत्येक नोडवर किती प्रक्रिया, जास्तीत जास्त वेळ, आणि निकालाचा व चुकांचा मजकूर कोणत्या फाइलीत लिहायचा, हे सांगायचं. खाली क्रमाने मॉड्यूल लोड करायचे, कामाच्या फोल्डरात जायचं आणि प्रोग्रॅम 'एसरन'ने किंवा 'एमपीआयरन'ने सुरू करायचा.

या ओळींत एक गणित जुळायलाच हवं. एका नोडवरच्या एमपीआय प्रक्रिया गुणिले प्रत्येक प्रक्रियेचे ओपनएमपी धागे (एकाच प्रक्रियेच्या आत एकाच वेळी चालणारे कामाचे प्रवाह), हा गुणाकार नोडच्या कोअरांइतका यायला हवा. 48 प्रक्रिया तर प्रत्येकी एक धागा, 12 प्रक्रिया तर प्रत्येकी चार. धाग्यांची संख्या सांगायला विसरलात तर काही सॉफ्टवेअर प्रत्येक प्रक्रियेमागे 48 धागे उघडतं. मग 48 कोअरांवर 2,304 धागे एकमेकांना ढकलत बसतात. काम चालू दिसतं, पण पुढे सरकत नाही. पायथनचं नम्पाय वापरणाऱ्यांच्या बाबतीत हे नकळत होतं, म्हणून चिठ्ठीत धाग्यांची संख्या सांगणारी ओळ नेहमी असू द्या.

मेमरीचं गणितही इथेच करायचं. 192 जीबी भागिले 48 म्हणजे कोअरमागे 4 जीबी, त्यातलंही थोडं यंत्र स्वतःसाठी ठेवतं. तुमच्या प्रत्येक प्रक्रियेला 8 जीबी लागत असतील तर नोडवर 48 नव्हे, साधारण 22 प्रक्रिया ठेवा किंवा जास्त मेमरीचे नोड मागा.

चिठ्ठी 'एसबॅच'ने टाकली की कामाचा क्रमांक मिळतो. 'एसक्यू'ने (squeue) रांग दिसते, 'एसकॅन्सल'ने काम रद्द होतं. यांत्रिक भाग एवढाच, दोन दिवसांत हाताखाली येतो.

पायरी सातवी: मोजणी

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. तुमच्या खऱ्या गणिताचा एक छोटा, पण खराखुरा तुकडा घ्या. शंभर अणूंचं खेळण्यातलं उदाहरण घेतलं तर निकाल दिशाभूल करतील. रेणूंची संख्या तुमच्या खऱ्या कामाएवढीच ठेवा, फक्त सिम्युलेशनचा काळ कमी करा. हा तुकडा 12, 24, 48, 96 आणि 192 कोअरवर चालवा आणि लागलेली मिनिटं लिहा.

समजा, आकडे असे आले: 12 कोअरवर 100 मिनिटं, 24 वर 53, 48 वर 29, 96 वर 22, 192 वर 20.

नुसती मिनिटं पाहिली तर 192 जिंकल्यासारखं वाटतं. आता कार्यक्षमता काढा. 12 वरून 48 म्हणजे कोअर चौपट. वेग किती पट झाला? 100 भागिले 29, म्हणजे 3.45 पट. चारपैकी 3.45, म्हणजे 86 टक्के. 96 कोअरवर आठपैकी 4.55 पट, 57 टक्के. 192 वर सोळापैकी पाच पट, जेमतेम 31 टक्के. कोअर-तासांच्या भाषेत सांगायचं तर 48 कोअरवर या तुकड्याला सुमारे 23 कोअर-तास लागतात आणि 192 वर 64. नऊ मिनिटं वाचवायला पावणेतीन पट खर्च. 43,500 कोअर-तास मंजूर झालेल्या विद्यार्थ्याने 192 कोअर मागितले तर त्याचं काम निम्म्यावर येण्याआधीच तास संपतील.

मी साधारण सत्तर टक्क्यांची रेघ आखतो. कार्यक्षमता त्याखाली गेली की आणखी कोअर मागू नका. या उदाहरणात उत्तर 48, एक पूर्ण नोड.

असं का होतं, हे जीन अॅमडॉल यांनी 1967 मध्येच मांडलं. कुठल्याही गणिताचा काही भाग वाटता येत नाही, तो एकाच्याच हातून व्हावा लागतो. तो भाग पाच टक्के असला, तर कितीही कोअर लावा, वेग वीसपटीपलीकडे जाणार नाही. 48 कोअरवर तो 14.3 पट होतो, 96 वर 16.7 पट, आणि 480 वर फक्त 19.2. शिवाय कोअरांना एकमेकांशी बोलावं लागतं, आणि कोअर वाढले की बोलणंही वाढतं. नोडच्या आतलं बोलणं स्वस्त असतं. एका नोडकडून दुसऱ्याकडे निरोप जायला इन्फिनीबँडसारखं वेगवान जाळं असलं, तरी त्याला वेळ लागतोच.

माझ्या अनुभवात विद्यार्थी ही मोजणी टाळतो ती एका दिवसाच्या कंटाळ्यापायी. पण तो एक दिवस पुढचे दोन महिने वाचवतो, आणि शोधनिबंधाच्या पुरवणीत द्यायला एक आलेख मिळतो, तो वेगळाच. प्रणाली बदलली, अणूंची संख्या दुप्पट झाली किंवा सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली, की मोजणी पुन्हा करा.

पाचशे छोट्या गणितांचं काम असेल तर हा सगळा खटाटोप लागत नाही. प्रत्येक गणित एका कोअरवर ठेवा आणि स्लर्मच्या जॉब अॅरेने पाचशे कामं एकाच चिठ्ठीतून टाका. केंद्र पूर्ण नोडच देत असेल तर एका नोडवर 48 गणितं एकत्र बसवा. इथे कोअरांना एकमेकांशी बोलायचंच नसतं, म्हणून कार्यक्षमता जवळपास शंभर टक्के.

पायरी आठवी: रांग

"माझं काम तीन दिवस रांगेत आहे, माझ्या मागून आलेल्याचं सुरू झालं!" ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की उत्तर सविस्तर देतो.

रांगेतला क्रम फक्त कोण आधी आलं यावर ठरत नाही. तुमच्या गटाने गेल्या काही दिवसांत किती वापर केला, हेही स्लर्म पाहतो. कालव्याच्या पाळीसारखंच हे: ज्याने नुकतंच भरपूर पाणी घेतलं, त्याची पाळी जरा उशिरा येते. दिवसांगणिक जुना वापर विसरला जातो आणि तुमचा क्रम वर येतो.

दुसरं कारण जास्त उपयोगाचं आहे, कारण ते तुमच्या हातात असतं. मंगल कार्यालयाचं बुकिंग आठवा. संध्याकाळी सहाला मोठं लग्न आहे, हॉल सकाळपासून रिकामा आहे. व्यवस्थापक सकाळी एखादं बारसं बसवून घेईल, पण दोनच्या आत हॉल सोडू असं तुम्ही सांगितलं तरच. 'वेळ लागला तर बघू' म्हणणाऱ्याला तो हॉल देणार नाही. स्लर्मही हेच करतो. पन्नास नोडचं मोठं काम सुरू व्हायला अजून सहा तास असतील, तर तोवर रिकाम्या नोडांवर तो सहा तासांच्या आत संपणारी कामं घुसवतो. याला बॅकफिल म्हणतात. म्हणून चिठ्ठीत वेळ खरी लिहा. पाच तासांच्या कामाला सवयीने 72 तास मागणारा ही संधी रोज घालवतो. मोजणीत पाच तास आले असतील तर सहा किंवा सात मागा. पाचच मागू नका, कारण वेळ संपली की स्लर्म काम जागीच थांबवतो.

'एसक्यू'मध्ये थांबण्याचं कारणही लिहिलेलं असतं. 'प्रायॉरिटी' म्हणजे पुढे इतर आहेत, 'रिसोर्सेस' म्हणजे तुमची पाळी आली आहे पण नोड मोकळे व्हायचे आहेत. 'लिमिट' हा शब्द दिसला तर तुमच्या खात्याची मर्यादा आड येते आहे. नुसतं थांबण्याआधी कोणती मर्यादा आहे ते पाहा; मंजूर तास संपले असतील तर ते काम थांबून सुरू होणार नाही.

काम पडलं तर

काम पडतंच. पहिल्यांदा चुकांच्या फाइलीची पहिली चूक वाचा, शेवटची नव्हे. पुढच्या शंभर ओळी बहुधा पहिल्या चुकीचेच परिणाम असतात. 'आउट ऑफ मेमरी' दिसलं तर नोडवरच्या प्रक्रिया कमी करा. 'टाइम लिमिट' दिसलं तर वेळ वाढवण्याआधी काम खरंच पुढे सरकत होतं का ते पाहा. काहीच न लिहिता पडलं, तर डिस्कची मर्यादा भरली आहे का ते तपासा. असल्या मूक मरणांचं कारण पुष्कळदा तेच निघतं. संपलेल्या कामावर 'एसईएफएफ' फिरवलंत तर कोअर आणि मेमरी किती टक्के वापरली, ते दिसतं. 48 कोअर मागून दोन टक्के वापर दिसला, तर काम एकाच कोअरवर चाललं होतं.

मदतकक्षाला लिहिताना कामाचा क्रमांक, चिठ्ठीचा आणि चुकांच्या फाइलीचा पत्ता, आणि आधी हेच काम चालत होतं का, एवढं द्या. 'चालत नाही' एवढंच लिहिलंत तर पहिला दिवस प्रश्नोत्तरांतच जातो. इंग्रजीची भीती बाळगू नका. हे चार तपशील असले की मोडक्या इंग्रजीतलं पत्रही पुरतं.

आपलं 242 तासांचं सिम्युलेशन आठवतं? पार्टिशनची मर्यादा 72 तास असेल तर ते एका दमात होणारच नाही. चार तुकडे करावे लागतील, आणि त्यासाठी चेकपॉइंट हवा: प्रोग्रॅमने ठरावीक वेळाने आपली सगळी स्थिती फाइलीत लिहून ठेवायची आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलायचं. ग्रोमॅक्स स्थिती आपणहून लिहून ठेवतं, पुढच्या वेळी फक्त ती फाइल त्याला सांगावी लागते. स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये ही सोय तुम्हालाच घालावी लागेल. ती आधी घाला, मग लांब काम टाका. पहिला तुकडा संपल्यावरच दुसरा सुरू व्हावा असं स्लर्मला चिठ्ठीत सांगता येतं, म्हणजे मध्यरात्री उठावं लागत नाही.

जीपीयू (ग्राफिक्स प्रोसेसर) असलेल्या नोडांबद्दल थोडक्यात. ते मोजकेच असतात आणि रांग लांब असते. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये जीपीयूची सोय आहे का, हे आधी पाहा. एकच जीपीयू मागून सुरुवात करा, आणि 'एनव्हीडिया-एसएमआय'ने तो खरंच कामात आहे का ते बघा. मोजणीचा नियम इथेही तोच.

निकाल घरी

काम संपलं त्याच दिवशी निकाल आर-सिंकने बाहेर काढा, आणि मूळ व प्रत यांची चेकसम, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेली खूण, जुळवून पाहा. सोबत चिठ्ठी, लोड केलेल्या मॉड्यूलांची यादी आणि सॉफ्टवेअरची आवृत्तीही त्याच फोल्डरात ठेवा. दीड वर्षाने परीक्षक विचारतील तेव्हा हीच यादी कामाला येते.

शोधनिबंधात राष्ट्रीय महासंगणन अभियान, यंत्राचं नाव, ते असलेली संस्था, सी-डॅक आणि पाठबळ देणारी केंद्र सरकारची दोन्ही खाती (विज्ञान-तंत्रज्ञान आणि इलेक्ट्रॉनिक्स-माहिती तंत्रज्ञान) यांचे आभार मानायचे असतात. त्याचा ठरलेला मजकूर केंद्राकडून मिळतो, तो जसाच्या तसा घ्या. निबंध छापून आला की केंद्राला कळवा. पुढच्या वर्षीच्या अर्जात तुम्ही त्या तासांचं काय केलं हे विचारलं जातं, तेव्हा ती नोंद त्यांच्याकडे असलेली बरी.

आणि स्क्रॅच रिकामी करून जा. रांगेत तुमच्या मागे उभ्या असलेल्याला ती जागा हवी आहे.